‘थोड्या वेळाने बसतो’ : मोबाइल, अभ्यासाची चालढकल आणि घरातील वडीलधारी मंडळी

महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवंडांच्या हातातून मोबाइल सुटत नाही आणि अभ्यासाला मुहूर्त लागत नाही, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. यात आळस किती, सवय किती, आणि आजी-आजोबांनी नेमके काय करावे?

दिवेलागणीच्या सुमारास रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी कितीतरी घरांत एकच संवाद चालू असतो. आजोबा विचारतात, ‘‘बाबू, अभ्यासाला केव्हा बसतोस?’’ उत्तर येते, ‘‘बसतो आबा, पाच मिनिटांत.’’ ती पाच मिनिटे जेवणापर्यंत लांबतात आणि जेवणानंतर पुन्हा सुरू होतात. रात्री उशिरा कधीतरी वही उघडली जाते, दोन पाने चाळली जातात आणि ‘उद्या पहाटे उठून करू’ अशा निश्चयावर दिवस संपतो. पहाट मात्र झोपेतच निघून जाते.

वाशीम जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांचे अर्थकारण सोयाबीन आणि तुरीवर उभे आहे. मुलाचे किंवा मुलीचे शुल्क, एसटीचा पास, शहरात शिकत असल्यास खोलीचे भाडे हे सारे त्या पिकातून निघते. त्यामुळे एखादा विषय राहिला किंवा सत्र वाया गेले, तर त्याची किंमत केवळ गुणपत्रिकेवर दिसत नाही. पुन्हा परीक्षा शुल्क भरावे लागते, नोकरीच्या जाहिरातीची वयोमर्यादा जवळ येते, मुलीच्या बाबतीत तर ‘आता पुरे शिक्षण’ असे म्हणणाऱ्यांना निमित्त मिळते. म्हणून हा प्रश्न किरकोळ समजून सोडून देण्यासारखा नाही. तसाच तो आरडाओरड करून सुटणाराही नाही.

आळस वेगळा, चालढकल वेगळी

आपण सर्वसाधारणपणे या वर्तनाला ‘आळस’ म्हणून मोकळे होतो. मानसशास्त्र मात्र आळस आणि चालढकल यांत फरक करते. आळशी माणसाला काम करायचेच नसते आणि न केल्याची खंतही नसते. चालढकल करणाऱ्याला काम करायचे असते, ते टाळल्याने नुकसान होणार हेही ठाऊक असते, तरीही तो ते पुढे ढकलतो आणि मनात कुढत राहतो. ‘कळते पण वळत नाही’ ही आपली म्हण या अवस्थेचे नेमके वर्णन करते.

चालढकल हा काही मोबाइलने जन्माला घातलेला विकार नाही. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरील तोवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ८० ते ९५ टक्के विद्यार्थी कमी-अधिक प्रमाणात चालढकल करतात, असा अंदाज नोंदवला आहे. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन विद्यार्थ्यांच्या हाती आलेलेही नव्हते. आजोबांच्या पिढीनेही परीक्षेच्या आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात जागरणे केलीच होती.

मग बदलले काय? पूर्वी अभ्यास टाळून जायचे तर उठून पारावर जावे लागे, मित्र शोधावा लागे, चित्रपटाला पैसे लागत. टाळण्यालाही थोडे कष्ट होते. आज टाळण्याचे साधन खिशात आहे आणि ते जवळजवळ फुकट आहे. सप्टेंबर २०१६ नंतर देशात इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले. मार्च २०२० पासून कोविडच्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालयांनीच मुलांच्या हाती मोबाइल देण्यास सांगितले. त्याच वर्षी जून-जुलैत टिकटॉकवर बंदी येऊन रील्स आले आणि काही सेकंदांच्या चित्रफितींची सवय पक्की झाली. आज महाविद्यालयात असणारी पिढी याच काळात वयात आली, हे त्यांना दोष देण्यापूर्वी लक्षात घेतले पाहिजे.

मोबाइल इतका का ओढतो?

चालढकलीच्या मुळाशी बहुतेक वेळा वेळेच्या नियोजनाचा अभाव नसतो, तर एखादी नकोशी भावना असते, असे कॅनडातील टिमथी पिचिल आणि ब्रिटनमधील फुशिया सिरॉइस या अभ्यासकांनी मांडले आहे. समोरचे प्रकरण समजत नाही, इंग्रजी पुस्तकाची भीती वाटते, गेल्या सत्रात नापास झाल्याची लाज वाटते. वही उघडली की ही भावना डोके वर काढते. मोबाइल उघडला की ती क्षणात दबते. म्हणजे मोबाइल येथे वेदनाशामक गोळीसारखा वापरला जातो. दुखणे तसेच राहते, गोळीची सवय मात्र लागते.

त्यात भर पडते ती ॲपच्या रचनेची. पुस्तकाला शेवटचे पान असते, वर्तमानपत्र वाचून संपते, मालिकेचा भागही एका ठिकाणी थांबतो. समाजमाध्यमांना शेवट नसतो. बोट सरकवत राहावे आणि नवे येत राहावे, अशीच त्यांची योजना असते. शिवाय पुढची चित्रफीत रटाळ असेल की मजेदार, हे आधी कळत नाही. जत्रेतील सोडतीच्या दुकानापुढे माणूस ‘अजून एक चिठ्ठी’ म्हणत रेंगाळतो, त्यातलाच हा प्रकार. अनिश्चित बक्षीस हे निश्चित बक्षिसापेक्षा अधिक ओढ लावते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यातच प्रयोगांनी दाखवले होते.

मोबाइल नुसता जवळ असण्याचाही परिणाम होतो का, हे अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तपासले. काही विद्यार्थ्यांचा मोबाइल आवाज बंद करून टेबलावर, काहींचा खिशात वा पिशवीत, तर काहींचा दुसऱ्या खोलीत ठेवला. एकाग्रतेच्या चाचणीत दुसऱ्या खोलीत मोबाइल असणाऱ्यांची कामगिरी टेबलावर मोबाइल असणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. पुढील काही प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही. तरीही ‘अभ्यासाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत’ हा उपाय बिनखर्चाचा आणि निरपाय आहे.

मोबाइल वापरता येणे म्हणजे तो अभ्यासासाठी वापरला जाणे नव्हे, हेही आकड्यांतून दिसते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात तो शिक्षणाच्या कामासाठी वापरल्याचे सुमारे ५७ टक्के मुलांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्के मुलांनी. हीच मुले एक-दोन वर्षांत महाविद्यालयाच्या दारात उभी राहतात.

अतिवापर आणि चालढकल या दोन गोष्टी एकत्र नांदतात, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. परंतु कोणती आधी आणि कोणती नंतर, हे सांगणे कठीण. मोबाइलमुळे अभ्यास मागे पडतो, मागे पडलेल्या अभ्यासाची धास्ती वाटते, आणि ती विसरण्यासाठी पुन्हा मोबाइल लागतो. रहाटगाडग्यासारखे हे फिरत राहते. त्यामुळे केवळ मोबाइल काढून घेतला आणि अभ्यासाची भीती तशीच ठेवली, तर मूल टाळण्याची दुसरी वाट शोधते.

दोन गावांचे दोन मार्ग

महाराष्ट्रातील दोन गावांनी या प्रश्नाला सामुदायिक उत्तर देण्याचा प्रयत्न केला, त्यांचा अनुभव प्रत्येक घराला उपयोगी आहे.

पहिले गाव आपल्या जवळचे. वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्शी नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये या गावाच्या ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरू नये, असा ठराव केला. खेळांमध्ये आणि चित्रफितींमध्ये मुले गुंतून पडतात, अभ्यास विसरतात, ही गावकऱ्यांची चिंता त्यामागे होती.

दुसरे गाव सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातले, मोहित्यांचे वडगाव. सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावाने सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून वेगळी वाट धरली. रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवले जातात. या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचन करावे किंवा एकमेकांशी बोलावे, अशी अपेक्षा ठेवली गेली.

पहिल्या मार्गात मुलांना मनाई आहे, दुसऱ्यात सर्वांनी मिळून घेतलेली विश्रांती आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पाहिले, तर पहिला मार्ग बहुधा लागूच पडत नाही. एकोणीस-वीस वर्षांचा नातू मतदान करतो, वाहन चालवतो. त्याच्या हातातून मोबाइल हिसकावणे शक्यही नाही आणि शोभणारेही नाही. शिवाय महाविद्यालयाच्या सूचना, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे वेळापत्रक, निकाल हे सर्व आता मोबाइलवरच येते. मोबाइल पूर्ण सोडा असे म्हणणे म्हणजे शिक्षण सोडा म्हणण्यासारखेच होईल.

दुसऱ्या मार्गातील मर्म हे की, त्यात आजोबांची बातम्यांची वाहिनी आणि आजींची मालिकाही बंद होते. नियम सर्वांना सारखा असला की तो शिक्षा वाटत नाही. बाहेरच्या खोलीत मालिकेचा आवाज चढवून आतल्या खोलीत अभ्यासाची अपेक्षा करणे, किंवा स्वतः व्हॉट्सॲपवरील सुविचार पुढे पाठवत नातीला ‘मोबाइल ठेव’ म्हणणे, हे कोणत्याही तरुण मनाला पटत नाही.

घरातील मंडळी काय करू शकतात?

आजी-आजोबांनी पहारेकरी होऊ नये, सोबती व्हावे. पुढील उपाय त्या भूमिकेतून सुचवले आहेत. सगळे एकदम सुरू करू नयेत. एक निवडावा आणि पंधरा दिवस सातत्याने पाळावा.

१. प्रश्न बदला. ‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘करतो’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘आज पहिल्यांदा कोणते पान उघडणार?’ असे विचारावे. काम जितके लहान आणि नेमके, तितकी सुरुवात सोपी. ‘अर्थशास्त्राचा अभ्यास’ ही डोंगराएवढी गोष्ट आहे, ‘पहिल्या प्रकरणातील दोन व्याख्या लिहिणे’ ही हाताशी असलेली.

२. वेळेऐवजी प्रसंग ठरवा. ‘सात वाजता बसेन’ हा बेत बारगळतो. ‘देवापुढे दिवा लागला की मोबाइल कपाटात आणि मी टेबलाशी’ हा बेत टिकण्याची शक्यता अधिक. अमुक घडले की तमुक करायचे, असा आधीच जोडून ठेवलेला संकल्प पार पडतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून दिसले आहे. आपल्या घरातील दिवेलागण ही त्यासाठी तयारच असलेली खूण आहे.

३. पंचवीस मिनिटांची सोबत द्या. इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी विद्यार्थिदशेत स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे गजर-घड्याळ लावून पंचवीस मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत बसवली. आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवावे आणि तोवर स्वतःही पोथी, पुस्तक किंवा वर्तमानपत्र घेऊन त्याच खोलीत शांत बसावे. विश्रांतीच्या पाच मिनिटांत मात्र मोबाइल नको. पाणी प्यावे, अंगणात फेरी मारावी. मोबाइलवरची पाच मिनिटे कधीच पाच राहत नाहीत.

४. श्रोते व्हा. नातीने आज वाचलेले प्रकरण आपल्याला मराठीत समजावून सांगावे, असा आग्रह धरावा. आपल्याला तो विषय येत नाही, ही येथे उणीव ठरत नाही, उलट सोयीची गोष्ट ठरते. वाचलेले पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून सांगितल्याने ते अधिक काळ स्मरणात राहते, हे २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कारपिकी यांनी विद्यार्थ्यांवरील प्रयोगात दाखवले आहे. आजीचा ‘म्हणजे काय ग?’ हा साधा प्रश्न चांगल्या शिकवणीचे काम करतो.

५. घरची डिजिटल कामे एकत्र करा. याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. विजेचे बिल भरणे, रिचार्ज करणे, बाजार समितीतील सोयाबीनचा भाव पाहणे, पुण्याच्या काकांना छायाचित्र पाठवणे, ही सारी कामे घरातील शिकणाऱ्या मुलाकडेच येतात. प्रत्येक ‘जरा एवढे कर रे’ त्याला वहीवरून उठवून मोबाइलपाशी नेते, आणि काम झाल्यावर तो तेथेच रेंगाळतो. अशी कामे दिवसभर कागदावर टिपून ठेवावीत आणि जेवणानंतरची एकच वेळ त्यांना द्यावी.

६. रात्री मोबाइलला वेगळी जागा द्या. सर्वांचे मोबाइल रात्री ओसरीत किंवा बैठकीत एका ठिकाणी चार्जिंगला लावावेत. उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ आणावे. अठरा ते पंचवीस वयात सात ते नऊ तास झोप आवश्यक असते. अपुऱ्या झोपेने एकाग्रता आणि स्मरण दोन्ही घटतात, आणि थकलेले मन सोप्या करमणुकीकडे अधिक वळते. हा नियम वयस्करांच्या झोपेलाही हितकारक आहे.

रागावण्याऐवजी काय?

‘तुझ्या वयात आम्ही शेतात राबून शिकलो’ हे वाक्य खरे असते, पण त्याचा उपयोग होत नाही. ते ऐकून लाज वाटते, लाजेमुळे अभ्यास अधिक नकोसा होतो आणि हात पुन्हा मोबाइलकडे जातो. कॅनडातील कार्लटन विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेपूर्वी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढील परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. स्वतःला कोसत राहणाऱ्यांची सवय मात्र तशीच राहिली. ‘गेले ते गेले, आज एक पान तर वाचू’ हे आजीचे वाक्य म्हणूनच दहा उपदेशांपेक्षा गुणकारी ठरू शकते.

माफ करणे म्हणजे डोळेझाक करणे नव्हे. विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, कोणत्या प्राध्यापकांना भेटायचे, हे शांतपणे बसून ठरवावे. परिणाम मुलाला भोगू द्यावा, अपमान मात्र टाळावा.

शुश्रूषा करणारी विद्यार्थिनी

आमच्या वाचकांमध्ये आजारी वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणारे अनेक जण आहेत. त्यांच्या घरात एक वेगळे चित्र दिसू शकते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या आजोबांजवळ रात्रीची पाळी नातीकडे असते. औषधाच्या वेळा सांभाळत, कूस बदलून देत, ती मधल्या वेळात मोबाइल पाहते. बाहेरून पाहणाऱ्याला ती ‘सारखी मोबाइलवर’ दिसते. प्रत्यक्षात मोबाइल ही तिची एकमेव मोकळी खिडकी असते आणि अभ्यास मागे पडण्याचे कारण थकवा असते. सुगीच्या दिवसांत आईवडील शेतावर असताना स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी सांभाळणाऱ्या मुलींचेही तसेच.

अशा घरात मोबाइलचे तास मोजण्यापूर्वी कामाचे तास मोजावेत. आठवड्यातील किमान काही संध्याकाळी तिची पाळी दुसऱ्या कोणी घ्यावी, मुलग्यांनीही घ्यावी. अंथरुणावरील व्यक्तीला बोलता-ऐकता येत असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे तीच श्रोता होऊ शकते. त्यातून रुग्णाचे मन रमते आणि नातीची उजळणी होते.

सवय की आजार?

मोबाइलचा प्रत्येक अतिवापर म्हणजे व्यसन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात खेळांचे अनावर व्यसन हा विकार म्हणून नोंदवला आहे, स्मार्टफोनचे व्यसन असा स्वतंत्र विकार मात्र त्यात नाही. म्हणून नातवाला ऊठसूट ‘व्यसनी’ म्हणू नये.

तथापि पुढील लक्षणे काही आठवडे टिकून राहिली, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा :

• रात्री उशिरापर्यंत जागरण, दिवसा पेंग, जेवणाकडे दुर्लक्ष.
• महाविद्यालयात जाणे, मित्रांना भेटणे, आवडीचे खेळ हे सारे हळूहळू सुटणे.
• मोबाइल दूर झाल्यास तीव्र संताप, आदळआपट किंवा अंगावर धावून येणे.
• पैशांविषयी खोटे बोलणे, उधारी, घरातील रक्कम कमी होणे. यामागे पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ असू शकतात. अशा खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली आहे, तरी चोरवाटा राहतातच.
• सतत उदासी, निराशेची भाषा, ‘जगून काय उपयोग’ असे उद्गार. या लक्षणासाठी आठवडे थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी आणि मुलाला एकटे सोडू नये.

कधी कधी अतिवापर हे दुसऱ्याच दुखण्याचे बाह्य रूप असते. नैराश्य, चिंता, अवधानाचा विकार, वाचनातील अडचण, इतकेच काय, चष्म्याचा नंबर वाढल्याने वाचताना दुखणारे डोकेही अभ्यास टाळण्यामागे असू शकते. म्हणून नेत्रतपासणीपासून सुरुवात करणेही शहाणपणाचे.

मदतीसाठी केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा निःशुल्क क्रमांक असून तेथे मराठीत, चोवीस तास बोलता येते. पालक किंवा आजी-आजोबाही सल्ल्यासाठी फोन करू शकतात. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात तपासणी करून घेता येते. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र चालते.

दिवेलागणीचा अर्धा तास

मोहित्यांच्या वडगावासारखा भोंगा प्रत्येक गावात वाजेलच असे नाही. परंतु एका घराला भोंग्याची गरजही नाही. रिसोड असो, मालेगाव असो वा मंगरुळपीर, दिवा लावण्याची वेळ प्रत्येक घरात रोज येते. त्या वेळी घरातील सर्व मोबाइल एका फळीवर ठेवावेत, दूरदर्शन बंद करावा आणि अर्धा तास सर्वांनी एका छताखाली आपापले काम करावे. पहिल्या आठवड्यात कुरकुर होईल. एखाद्या दिवशी नियम मोडेल, बहुधा एखाद्या मोठ्या माणसाकडूनच मोडेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावा.

अर्ध्या तासात पदवी मिळत नाही, हे खरे. परंतु चालढकलीची गाठ सुरुवातीच्या क्षणी असते. वही उघडली गेली, पहिले वाक्य लिहिले गेले, की पुढचे पुष्कळदा आपोआप घडते. ती वही उघडली जाईपर्यंत जवळ कोणीतरी शांतपणे बसलेले असणे, एवढेच त्या मुलाला हवे असते. आणि शांतपणे बसण्याइतका निवांत वेळ घरात कोणाकडे असेल, तर तो आजी-आजोबांकडेच.